शेपटीच्या मुळाशी

घरातल्या कुत्र्याची एरवी वर असणारी शेपटी एके सकाळी लुळी पडून मागच्या पायांमध्ये लोंबताना दिसली, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, हाड मोडलंय, आत्ताच्या आत्ता डॉक्टर गाठा. दुसरा म्हणतो, शेपटीच तर आहे, होईल दोन दिवसांत बरी. भुसावळसारख्या गावात बहुधा दुसऱ्याचेच चालते, आणि त्याला कारणेही आहेत. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांमध्ये निघून जातो. कुत्र्याचा एक्स-रे काढायचा तर तो कुठे निघतो इथपासून चौकशी करावी लागते. त्यात वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना दुखऱ्या जनावराला रिक्षात घालून नेणे हीच त्याला एक शिक्षा असते. तरीही या दोन्ही मतांबद्दल माझी तक्रार एकच आहे. दोघेही पाहतात ती जागा चुकीची आहे. कुत्र्याची शेपटी मधोमध मोडली, तिचा शेंडा फाटला, अगदी ती निम्मी कापावी लागली, तरी कुत्रे सुखाने जगू शकते. काळजी करायची ती शेपटी जिथून सुरू होते त्या जागेची, आणि त्या जागेची खबर शेपटीकडे पाहण्यापेक्षा लघवीकडे पाहिल्याने लवकर आणि जास्त खात्रीने कळते.

हे का, ते समजण्यासाठी कुत्र्याचा कणा डोळ्यांसमोर आणावा लागतो. मानेचे ७ मणके, छातीचे १३, कमरेचे ७, त्यामागे एकमेकांत सांधले गेलेले ३ मणके म्हणजे त्रिकास्थी, आणि त्यानंतर शेपटीचे मणके. हे शेवटचे जातीनुसार कमीजास्त असतात, लांब शेपटीच्या कुत्र्यात साधारण २०. शेपटी कण्याचाच भाग आहे म्हटल्यावर मज्जारज्जूही तिच्या टोकापर्यंत जात असेल असे वाटते, पण तसे नसते. मध्यम बांध्याच्या कुत्र्यात मज्जारज्जू कमरेच्या सहाव्या-सातव्या मणक्यापाशीच संपतो. तिथून पुढे कण्याच्या पोकळीतून फक्त मज्जातंतूंचा एक जुडगा मागे जातो. त्यातले काही तंतू मागच्या पायांकडे वळतात, त्रिकास्थीतून बाहेर पडणारे मूत्राशयाला आणि गुदद्वाराच्या स्नायूंना हुकूम देतात, आणि उरलेले शेपटीत उतरतात. याचा अर्थ असा की शेपटीच्या मधल्या भागात हाड तुटले तरी तिथे मज्जारज्जू नाही. त्या जागेच्या पुढचा शेपटीचा तुकडा फार तर बधिर होईल. पण शेपटीला जोराचा हिसका बसला, तर तो हिसका तंतूंवाटे वर चढतो आणि जुडग्याच्या मुळापर्यंत पोचतो. तिथे मूत्राशयाचे तंतू शेपटीच्या तंतूंना खेटून असतात. ताण बसतो तो दोघांवर.

हिसका बसण्याचे प्रसंग काही दुर्मिळ नाहीत. मोटारसायकलच्या चाकाखाली शेपटी येते आणि कुत्रे जिवाच्या आकांताने पुढे झेपावते. दुकानाचे शटर किंवा घराचे लोखंडी फाटक शेपटीवर बंद होते. लहान मूल शेपटी धरून मागे ओढते. या सगळ्यांत शेपटीवर दिसणारी खूण किरकोळ असू शकते: थोडे केस गेलेले, थोडी सूज, कातडी शाबूत. आत मात्र त्रिकास्थी आणि शेपटीचा पहिला मणका यांमधला सांधा निखळलेला असू शकतो. मांजरांमध्ये ही दुखापत जास्त आढळते आणि तिचा अभ्यासही जास्त झाला आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की ज्या मांजरांना तपासणीच्या वेळी शेपटीच्या मुळाशी चिमटा काढल्याचे कळत होते, त्यांचा लघवीवरचा ताबा तीन दिवसांत परत आला. ज्यांना काहीच कळत नव्हते, त्यांच्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिकांचा महिनाभरात आला. कुत्रे म्हणजे मांजर नव्हे, पण तंतूंची मांडणी त्याच तऱ्हेची असल्याने पशुवैद्य कुत्र्यातही तीच गोष्ट आधी तपासतात: मुळाशी संवेदना आहे का, गुदद्वाराला स्पर्श केल्यावर ते आकसते का, मूत्राशय तट्ट भरलेले आहे का. शेपटीचा शेंडा ते सगळ्यात शेवटी पाहतात.

शेपटी कण्याला जोडलेली आहे हे खानदेशात कुणाला शिकवायला नको खरे तर. बैल अडला की त्याची शेपटी पिरगाळायची ही गाडीवानांची जुनी खोड याच ज्ञानावर उभी आहे: तिथे पिरगाळले की वेदना अशी चढते की बैल उठतोच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींबाबत निकाल दिला, तेव्हा त्याच्यापुढे आलेल्या पुराव्यात शेपट्या पिरगाळण्याचे आणि चावण्याचे प्रकार नोंदलेले होते. शर्यतींचा कायदा पुढे बदलला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने तो बदल मान्यही केला, पण शेपटीबद्दलचे ते निरीक्षण कायद्यावर अवलंबून नाही. ज्या माणसाला बैलाच्या शेपटीत किती वेदना असते हे पक्के माहीत आहे, त्यानेच घरच्या कुत्र्याबद्दल ‘शेपटीच तर आहे’ म्हणावे, हे मला पटत नाही.

आता दुसरी बाजू, कारण घाबरणाऱ्याची भीतीही पुष्कळदा फोल ठरते. लुळ्या शेपटीचे एक कारण असे आहे की त्यात काहीच मोडलेले नसते. शेपटी मुळापासून दोन-चार बोटे आडवी, ताठ बाहेर येते आणि तिथून पुढे ओल्या सुतळीसारखी सरळ खाली पडते. मुळाजवळचे केस कधी कधी उभे राहिलेले दिसतात. कुत्रे बसायला कुरकुरते, बसले तर एका कुशीवर कलते, शेपटीला हात लावू देत नाही. पण खाते, चालते आणि लघवी नेहमीसारखी करते. शिकारी कुत्री पाळणाऱ्यांना हा प्रकार पूर्वीपासून माहीत होता, आणि पुष्कळ वर्षे त्याला मोडच समजले जाई. अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठातील पशुवैद्यांनी १९९९ मध्ये पॉइंटर जातीच्या कुत्र्यांवर केलेल्या तपासण्यांतून दाखवले, की इजा हाडात नसून शेपटीच्या स्नायूंत असते. २०१६ मध्ये एडिनबरा विद्यापीठातील संशोधकांनी लॅब्राडॉरांचा अभ्यास करून असे मांडले, की हा त्रास समजला जातो त्याहून जास्त आढळतो, पोहणाऱ्या आणि कामाच्या कुत्र्यांत अधिक होतो, आणि थंड प्रदेशात त्याचे प्रमाण वाढते. थंड पाणी, एकाएकी झालेले अतिश्रम आणि अरुंद जागेत तासन्‌तास कोंडून राहणे ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे आहेत.

थंडीचे नाव निघाले की भुसावळकर हसेल. पण ज्या जिल्ह्याचा उन्हाळा एवढा कडक आहे त्याच्या पौष-माघातल्या पहाटाही चांगल्याच बोचऱ्या असतात. हतनूरच्या धरणाकडे किंवा तापीच्या पात्रात अशा दिवसांत लॅब्राडॉरला मनसोक्त पोहू दिले, किंवा अंगणात बोअरच्या पाण्याने न्हाऊ घालून तसेच ओले बांधून ठेवले, तर दुसऱ्या दिवशी शेपटी पडलेली दिसायला पुरेसे कारण आहे. कोंडून राहण्याचे उदाहरण तर या रेल्वेच्या गावाला अगदी जवळचे. पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे नसेल तर आपल्या गाड्यांत कुत्र्याला गार्डच्या डब्यातल्या लोखंडी श्वानपेटीत घालून पाठवतात. मुंबई ते भुसावळ अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास; लॅब्राडॉरसारखे मोठे कुत्रे त्या पेटीत धड उभेही राहू शकत नाही, शेपटी अंगाखाली दुमडून बसते. बदलीवर आलेल्या कुटुंबाचे कुत्रे उतरल्यावर शेपटी हलवत नसेल, तर वाटेत कुणी मारले असेल असा संशय घेण्याआधी या कारणाचा विचार करायला हवा. हा त्रास विश्रांती आणि पशुवैद्याने दिलेले दुखण्यावरचे औषध यांनी काही दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत बरा होतो.

म्हणजे एकाच लुळ्या शेपटीमागे एकीकडे आपोआप बरा होणारा स्नायूंचा ताण आहे, आणि दुसरीकडे मूत्राशय कायमचे निकामी करू शकणारी इजा. शेपटीकडे कितीही टक लावून पाहिले तरी घरच्या माणसाला या दोहोंतला फरक ओळखता येईलच असे नाही. लघवीवरून मात्र येतो, आणि तिथेही एक फसवी गोष्ट आहे. मूत्राशयाला हुकूम मिळेनासा झाला की ते फुगत जाते, आणि पुरते भरल्यावर लघवी थेंबाथेंबाने आपोआप सांडू लागते. फरशीवर जागोजागी ओले दिसते, झोपल्या जागी डाग पडतो, आणि घरचे लोक समाधानाने सांगतात की लघवी तर होतेय, उलट जास्तच होतेय. खरी लघवी ती, जी कुत्रे स्वतः जागा हुंगून, पाय उचलून किंवा खाली बसून, धार धरून करते आणि मग तिथून निघून जाते. इजा झाल्यानंतरच्या बारा तासांत अशी एक तरी धार कुणीतरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवी. पाहिली नसेल तर दुसरा दिवस उजाडू देऊ नये.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप रस्त्यावरची कुत्री दाखवून घेतला जातो. स्टेशनाबाहेर, बाजारात, केळीच्या वखारींपाशी वाकड्या, तुटक्या शेपटीची कुत्री हिंडताना दिसतात. त्यांना कुणी डॉक्टर दाखवला होता? निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष खरा नाही. ज्या कुत्र्याची शेपटी मधोमध मोडली ते जगले आणि आज आपल्याला दिसते आहे. ज्याला मुळाशी हिसका बसून लघवी कोंडली, ते चार-सहा दिवसांत कुठल्या तरी आडोशाला जाऊन मेले, आणि आपल्या मोजणीत ते येतच नाही. वाकड्या शेपटीची जिवंत कुत्री एवढेच सिद्ध करतात, की शेंड्याकडची मोड जीवघेणी नसते. ते तर आपण आधीच मान्य केले आहे.

शेंड्याच्या जखमेला मात्र भुसावळात एक वेगळा धोका आहे, आणि तो हाडाचा नसून माशीचा आहे. लॅब्राडॉर, ग्रेट डेन, किंवा लातूर-सोलापूर भागातून येणारा कारवान यांच्या शेपट्या लांब आणि जोरकस. रेल्वे क्वार्टरच्या अरुंद बोळात मालक घरी आला की ती शेपटी दोन्ही बाजूंच्या सिमेंटच्या भिंतींवर आपटत राहते. शेंड्याची कातडी फुटते आणि दर हालचालीला रक्ताचे शिंतोडे भिंतीवर उडतात, तेही माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत, त्यामुळे पाहणारा हबकतो. रक्त जात असते थोडे. अडचण अशी की जखम भरत आली की कुत्रे पुन्हा आनंदाने शेपटी आपटते आणि खपली निघते. पट्टी त्या निमुळत्या टोकावर टिकत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात अशा उघड्या जखमेवर माशी बसली की एक-दोन दिवसांत आत आळ्या दिसू लागतात. मग गुरांच्या सवयीने कुणी टर्पेंटाईन ओततो, कुणी गाडीचे जळके ऑइल फासतो. गुरांसाठीही हे उपाय चांगले नाहीत, पण कुत्रे तर शेपटीचा शेंडा तोंडात धरून चाटते. जे लावले ते पोटात जाते. स्वच्छ पाण्याने किंवा मिठाच्या पाण्याने धुणे, चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालणे आणि आळ्या काढून घ्यायला दवाखान्यात जाणे, याहून जास्त घरी करू नये.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. शेपटीला एवढे धोके असतील तर पिल्लू असतानाच ती कापून का टाकू नये, असे काही कुत्री पैदास करणारे विचारतात. डॉबरमन आणि रॉटवायलरच्या बाबतीत हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. त्यांच्या बाजूने पुरावाही आहे: स्कॉटलंडमध्ये शिकारीच्या कामाच्या कुत्र्यांची पाहणी झाली तेव्हा शेपटी न कापलेल्या स्पॅनियल कुत्र्यांपैकी निम्म्याहून अधिकांना एका हंगामात शेपटीला काही ना काही इजा झालेली आढळली, आणि २०१७ मध्ये तिथल्या सरकारने कामाच्या काही कुत्र्यांपुरती शेपटी आखूड करण्यावरची बंदी सैल केली. हा पुरावा मी नाकारत नाही. पण ती कुत्री दिवसभर काटेरी झुडपांत घुसणारी आहेत. पाळीव कुत्र्यांसकट सगळ्यांची मोजणी ब्रिटनमध्येच झाली आहे, २०१० साली प्रसिद्ध झालेली: ५२ दवाखान्यांत आलेल्या १,३८,२१२ कुत्र्यांत शेपटीच्या दुखापती २८१, म्हणजे हजारात साधारण दोन. त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक घरात, भिंतीवर किंवा वस्तूंवर आपटून झालेल्या, आणि सातांमध्ये साधारण एक दारात सापडून झालेली. संशोधकांच्या हिशेबाने एक दुखापत टाळायला सुमारे ५०० पिल्लांच्या शेपट्या कापाव्या लागतील. बोळात कुत्र्याला उभे राहू न देणे आणि दार लावण्याआधी मागे वळून पाहणे याने जे साधते, त्यासाठी ५०० शेपट्यांची किंमत मला अवाजवी वाटते.

शिवाय शेपटी ही काही नुसती शोभा नाही. २००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांचे चित्रण करून दाखवले, की मालक दिसल्यावर शेपटी उजवीकडे जास्त झुकून हलते आणि अनोळखी, दांडगे कुत्रे दिसल्यावर डावीकडे. पुढच्याच वर्षी कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठाने एक यांत्रिक कुत्रा बागेत उभा केला: लांब शेपटी हलत असेल तर इतर कुत्री बिनधास्त जवळ येत, ताठ असेल तर बिचकत, शेपटी आखूड केल्यावर त्यांना हा फरक ओळखता येईना. गल्लीतल्या कुत्र्यांच्या टोळीसमोरून रोज फिरायला नेल्या जाणाऱ्या कुत्र्याला या भाषेची गरज शहरातल्या बंगल्यातल्या कुत्र्यापेक्षा जास्त आहे. उपचार म्हणून शेपटी कापावी लागली तर ती जरूर कापावी. खबरदारी म्हणून नको.

तिसरा आक्षेप कुणी उघड घेत नाही, पण वागण्यात तो दिसतो: घरात गोळ्या आहेत, अर्धी देऊन पाहू. इथे मला कडक शब्द वापरावेसे वाटतात. माणसाच्या औषधांच्या डब्यात डायक्लोफेनॅक आणि आयबुप्रोफेन हमखास असतात, आणि दोन्ही कुत्र्याच्या पोटात व्रण करू शकतात, मूत्रपिंडे बंद पाडू शकतात. डायक्लोफेनॅकची गोष्ट तर आपल्या देशाला ठाऊक असायला हवी: ते दिलेल्या गुरांची मढी खाऊन गिधाडे मूत्रपिंडे निकामी होऊन मेली, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्याचा वापर बंद करावा लागला. दुसरा तोटा लगेच दिसत नाही. पशुवैद्याकडे कुत्र्यासाठी सुरक्षित दुखणेनाशक असते, पण आधी घरची गोळी पोटात गेली असेल तर ते लगेच देता येत नाही. म्हणजे दुखणे कमी करण्याच्या घाईने दुखणे लांबते.

वेदना ओळखण्याच्या इतर खुणाही इथे दगा देतात. पुस्तके सांगतात की दुखत असेल तर कुत्रे धापा टाकते. एप्रिल-मे महिन्यात भुसावळातले प्रत्येक कुत्रे दुपारभर धापाच टाकत असते. जेवण कमी होणे, कूलरसमोरून न हलणे, हेही उन्हाळ्यात नेहमीचेच. शेपटी खाली असणे ही खूणसुद्धा त्या कुत्र्याच्या स्वतःच्या सवयीशीच ताडून पाहावी लागते. पॉमेरियनची शेपटी पाठीवर वळलेली असते, पगची तर घट्ट गुंडाळी. ती उलगडून लोंबली तर तो इशारा आहे, तर कारवानची शेपटी शांत असताना खालीच असते. वयस्क अल्सेशियनची शेपटी महिनोन्‌महिने हळूहळू उतरत गेली, बसून उठायला त्रास होऊ लागला, तर मार लागल्याचा शोध घेण्यापेक्षा कमरेच्या शेवटच्या सांध्यात तंतू दाबले जात आहेत का ते पाहावे लागते. आणि जे कुत्रे बूड जमिनीवर घासत फरफटते, शेपटीच्या मुळाला वळून वळून चावते, त्याच्या गुदद्वाराशेजारच्या ग्रंथी भरलेल्या असण्याची शक्यता जास्त.

इतक्या शक्यतांतून वाट काढायला दवाखान्यात जाण्याआधी मोबाइलवर दोन चित्रफिती काढून ठेवल्या तर फार मदत होते: एक कुत्रे चालतानाची, मागून घेतलेली, एक लघवी करतानाची किंवा करायचा प्रयत्न करतानाची. टेबलावर उचलून ठेवलेले घाबरलेले कुत्रे शेपटी खालीच घालते, त्यावरून काही कळत नाही. गावात निदान झाले नाही तर अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था त्याच लोहमार्गावर आहे, अंतर सुमारे १४० किलोमीटर.

मुळाशी इजा निघालीच, तरी तो शेवट नसतो. ताणले गेलेले तंतू तुटलेले नसतील तर ते आठवड्यांनी, कधी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा कामाला लागतात. मधल्या काळात मूत्राशय फुगून सैल पडू द्यायचे नाही एवढेच सांभाळावे लागते, कारण एकदा त्याचे स्नायू निकामी झाले की तंतू परत येऊनही उपयोग होत नाही. त्यासाठी दिवसातून तीन-चार वेळा पोटावर दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून ते दाबून रिकामे करावे लागते. किती दाबायचे, कुठे थांबायचे, हे पशुवैद्याच्या देखरेखीखाली घरातल्या एकाने नव्हे, दोघांनी शिकून घ्यावे. एकाची ड्यूटी रात्रपाळीला लागली, तर दुसऱ्याच्या हाताला ते माहीत असले पाहिजे.